इंग्रजीच्या तासाला मराठी

इंग्रजीच्या तासाला वर्गात मराठीचा एक शब्द येता कामा नये, असे मानणारे शिक्षक आणि तपासनीस मी नोकरीभर पाहिले. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मूल सतत इंग्रजी ऐकेल तर त्याला इंग्रजी येईल, हे म्हणणे ऐकायला बरोबरच वाटते. पण कराड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि इंग्रजी शिकवणारी जुनी मराठी पुस्तके रद्दीच्या दुकानांतून, वाड्यांच्या माळ्यांवरून गोळा करण्याचा नाद मला आहे. त्या दोन्हींच्या जोरावर मी सांगते, की महाराष्ट्रातल्या पहिल्या चार-पाच पिढ्यांना जी इंग्रजी आली ती मराठीचे बोट धरून आली. ज्यांनी ती उत्तम कमावली, त्यांतल्या कितीतरी जणांच्या शेजारी शिकताना मराठी बसलेली होती.

सुरुवात १८३२ पासून करू. त्या वर्षी ६ जानेवारीला मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. मराठीतले पहिले वृत्तपत्र म्हणून आपण त्या दिवशी पत्रकार दिन साजरा करतो. मला मात्र 'दर्पण' आठवते ते त्याच्या पानाच्या रचनेसाठी. पानावर शेजारी शेजारी दोन स्तंभ असत, एक इंग्रजी आणि एक मराठी. मजकूर तोच. पोंभुर्ल्याहून मुंबईत आलेला, विशीतला हा तरुण स्वतः एल्फिन्स्टनच्या परिवारात इंग्रजी शिकला होता आणि पुढे तिथेच शिकवू लागला. इंग्रजी येणारा वाचक तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका होता, आणि तो इंग्रजी स्तंभ वाचून मोकळा होऊ शकत होता. पण शिकू पाहणाऱ्याला ते पान म्हणजे शाळाच होती. बातमी डावीकडे अडली की उजवीकडे जायचे, तिथे अर्थ घ्यायचा आणि परत फिरायचे. त्यातले शब्द सुटे, यादीतले नव्हते. व्यापार, कायदा, जहाजे, सरकारी हुकूम, विलायतेतले शोध अशा, त्या काळच्या मुंबईकराला रोज भिडणाऱ्या गोष्टींच्या पोटातून ते येत. शब्द संदर्भात शिकवावा असे आजचे शिक्षणशास्त्र सांगते. ती सोय जांभेकरांनी दोन स्तंभांत करून ठेवली होती. १८४० साली 'दर्पण' बंद पडले, १८४६ साली जांभेकर गेले. वय जेमतेम चौतीस.

त्याच दशकात मुंबईत एक मोठा वाद झाला, त्याची फार थोड्यांना आठवण आहे. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे, वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे. नाना शंकरशेट आणि कॅप्टन जर्व्हिस यांचे म्हणणे, लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचे तर मराठीतूनच पोचेल. नानांना इंग्रजी उत्तम येत होती. गव्हर्नरापासून सगळ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीतच चाले. इंग्रजी येत नसलेला माणूस मराठीची बाजू घेतो असे इथे म्हणता येत नाही. शेवटी कल पेरींच्या बाजूने गेला. नोकरीचे पारडेही तिकडेच झुकले होते, कारण १८४४ च्या हार्डिंज ठरावाने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना आधी घ्यायचे ठरले होते. घराघरातून मुलगा इंग्रजी शाळेत घालायची ओढ लागली ती तेव्हापासून.

शाळेचा जिना असा होता: मराठी चौथीपर्यंत शिकायचे, मग 'इंग्रजी पहिली'. तिथून इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. जो मराठीच पुढे शिकला तो व्हर्नाक्युलर फायनल होऊन मास्तर झाला, जो इंग्रजी पहिलीत गेला तो कारकून, मामलेदार, वकील होण्याच्या वाटेला लागला. दहा-अकरा वर्षांचा मुलगा त्या पहिलीत बसे तेव्हा त्याला मराठी वाचता, लिहिता, हिशेब करता येत असे. म्हणजे इंग्रजीचा पाया घालायला तयार जमीन होती. आज दुसरीतल्या मुलाला ना धड 'अ' लिहिता येतो ना 'ए', आणि आपण त्याच्याकडून दोन्हीची अपेक्षा करतो.

आणखी एक गोष्ट त्या मुलाच्या बाजूची होती. त्याच्या मराठी व्याकरणाची घडण आधीच इंग्रजीच्या सांगाड्यावर झालेली होती. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिले तेव्हा इंग्रजी व्याकरणांची मांडणी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. मेजर कँडी यांनी पुढे आपल्याला स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह लावायला शिकवले. आगरकरांनी १८८८ च्या 'वाक्यमीमांसे'त मराठी वाक्याचे पृथक्करण केले, तेही इंग्रजी शाळेत वाक्य जसे सोडवतात त्या पद्धतीने. यात काही विद्वानांना मराठीची गळचेपी दिसते आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण शिकणाऱ्याच्या बाकावरून पाहिले तर नाम, सर्वनाम, क्रियापद, उद्देश्य, विधेय या खुंट्या त्याच्या भिंतीत आधीच ठोकलेल्या होत्या. इंग्रजी त्यावर टांगायची एवढेच राहिले होते.

मग आली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तर्खडकर म्हटले की लोकांना दादोबाच आठवतात, पण तीन भागांची ही पाठमाला द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची. महाराष्ट्रात इंग्रजी शिकलेल्या माणसांची इतकी मोठी संख्या दुसऱ्या कुठल्या एका पुस्तकाच्या हाताखालून गेली असेल असे मला वाटत नाही. माझ्याजवळच्या प्रतींना पुठ्ठे नाहीत, पाने पिवळी पडलीत, कडेला शिसपेन्सिलीच्या खुणा आहेत. कुठल्या कुठल्या मुलांनी त्या केल्या कोण जाणे. एकाने धड्याच्या शेवटी तारीख घालून 'झाले' असे लिहिले आहे.

धड्याची बांधणी पक्की. आधी शब्द, त्यांचा उच्चार, मराठी अर्थ. मग एखादा नियम, तोही मराठीत समजावलेला. मग इंग्रजी वाक्ये, ती मराठीत करायची. शेवटी मराठी वाक्ये, ती इंग्रजीत करायची. या शेवटच्या भागात खरी मेहनत असे. इंग्रजीतून मराठीत येणे म्हणजे उतरण. शब्द कळले की अर्थ जुळतो, आणि आपल्या भाषेचे कान आपल्याला सांभाळतात. मराठीतून इंग्रजीत जाणे मात्र चढ आहे. तिथे वाक्य स्वतः उभे करावे लागते. तर्खडकर या चढावर मुलाला रोज नेतात, पण एका वेळी एकच पायरी. आज फक्त 'आहे', उद्या 'होता', परवा 'असेल'. कालचे शब्द आजच्या वाक्यांत परत येतात, आजचे उद्या. विसरायला जागा ठेवलेली नाही.

मराठी माणसाला इंग्रजीत नेमके कुठे ठेचकाळायला होते, हे तर्खडकरांना ठाऊक होते, आणि ते ज्ञान लंडनमध्ये बसून पुस्तक लिहिणाऱ्याला असणे शक्य नव्हते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी, इंग्रजीचे मध्ये. आपण 'टेबलावर' म्हणतो, नाते नामाला मागून चिकटवतो. इंग्रजीत ते सुटे होऊन नामाच्या पुढे जाऊन बसते. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत, माझे गावात घर आहे, गायीला शिंगे आहेत, या चार वाक्यांत मराठी वेगवेगळ्या नात्यांनी बोलते, आणि इंग्रजीत चारही ठिकाणी 'हॅव' नाही तर 'हॅज' चालून जाते. उलट 'ए' आणि 'द' यांना आपल्याकडे जोडीदारच नाही, त्यामुळे ती कधी लावायची हे आपल्याला वयाच्या साठीतही हुरहूर लावते. दोन भाषांच्या सांध्यांवरची ही दुखरी ठिकाणे आहेत. ती दाखवायची तर दोन्ही भाषा समोर हव्यात. एकीला वर्गाबाहेर उभे करून सांधा कसा दाखवणार?

दुसरी गोष्ट वाक्यांतल्या जगाची. विलायती वाचनमालांत बर्फ पडत असे, शेकोटीपाशी मांजर बसलेले असे, मुले खेळायला हिरवळीवर जात. पाठमालेतल्या माणसांच्या घरी गाई-म्हशी, विहीर, बाजार, मामलेदार, कचेरी. शिकणाऱ्या मुलाला नवी भाषा आणि नवे जग एकदम उचलावे लागत नसे. जग ओळखीचे, भाषा तेवढी नवी. पुढे अनेकांनी या पुस्तकाची चेष्टा केली. एका वाक्यात राजा, दुसऱ्यात बैल, तिसऱ्यात सुतार, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, ही टीका खरी आहे. वाक्यांना गोष्ट नव्हती. पण त्यांच्या पायाखाली गाव होते, आणि ते वाचणाऱ्याच्या ओळखीचे होते.

बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रांत या पुस्तकाचा उल्लेख येतो, आणि माझ्या दृष्टीने तो महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग आहे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार, लष्करी शाळेत मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर तुटपुंजे पेन्शन. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी रीडरे आणि तर्खडकरांची पाठमाला घरी करून घेतली. हॉवर्ड हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे संचालक, त्यांच्या नावाची वाचनमाला शाळांत चाले. म्हणजे घरात एक पुस्तक साहेबाच्या हातचे आणि दुसरे मराठी माणसाच्या हातचे. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब राहत असताना रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागत आणि मग भीमाला अभ्यासाला उठवत, म्हणजे आडवे व्हायला एकाला तरी जागा मिळे. पुस्तकांसाठी ते लेकींकडून पैसे उसने आणत, वेळ पडली तर लेकीचा दागिना गहाण ठेवत.

हे वाचताना मी थांबते. ज्या मुलाला शाळेत घोटभर पाणी दुसऱ्याने वरून ओतल्याशिवाय मिळत नव्हते, त्याला ही भाषा वडिलांनी मराठीतून समजावून, वाक्यामागून वाक्य करून घेत दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. पुढे कोलंबिया विद्यापीठ, लंडन, प्रबंध, संविधानाचा मसुदा हे जगाला माहीत आहे. मला त्याच्या शेजारी ठेवायचे आहे ते १९२० चे 'मूकनायक' आणि १९२७ चे 'बहिष्कृत भारत'. धारदार मराठी लिहिणारा आणि त्या काळची सर्वांत भेदक इंग्रजी लिहिणारा हा माणूस एकच. दोन भाषा एकमेकींचे काही हिरावून घेत नाहीत याचा याहून मोठा पुरावा मला नको.

त्याच्या आधी जोतीराव फुले. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते इंग्रजी शिकले. वडिलांनी एकदा शाळेतून काढून शेतात घातले होते, गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी समजूत घातल्यावर मुलगा परत शाळेत गेला. १८७३ च्या 'गुलामगिरी'ला इंग्रजी प्रस्तावना आहे, आणि अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना पुस्तक अर्पण केले आहे. आत संवाद आहे तो शेतकऱ्याला कळेल अशा रांगड्या मराठीत. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन द्यायचे तेव्हा ते इंग्रजीत दिले, आणि त्यात मागणे काय केले? गावच्या मुलांना प्राथमिक शिक्षण. कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचे याची इतकी स्वच्छ जाण आजच्या पुष्कळ सुशिक्षितांना नाही. सावित्रीबाईंनीही १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका असे सांगणारी कविता मराठीत लिहिली. ज्यांना शिकायचे होते त्यांना ती मराठीच कळणार होती.

बायकांच्या वाट्याला ही भाषा आली ती घरातल्या भांडणांतून वाट काढत. रमाबाई रानडे अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांनी आधी मराठी शिकवली, मग इंग्रजी. पुढे पुण्यात मिस हरफर्ड नावाच्या इंग्रज बाई शिकवायला मिळाल्या, तर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्या बाईंना शिवून आलीस म्हणून आंघोळीची सक्ती केली. एका सभेत गव्हर्नरसमोर रमाबाईंनी इंग्रजी निवेदन वाचून दाखवले त्या दिवशी घरी आल्यावर त्यांना फार ऐकून घ्यावे लागले. हे सगळे त्यांनी १९१० च्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त मराठीत लिहून ठेवले. त्या निवेदनाचा विषय मुलींच्या हायस्कुलाचा होता. रमाबाईंच्या इंग्रजीला पहिल्यापासून काम होते, कोणापुढे तरी काही मागायचे होते.

आनंदीबाई जोशींचे तसेच. नवरा गोपाळराव शिकवत, आणि शिकवताना मारझोडही करत. ते मी झाकून ठेवणार नाही. पण आनंदीबाईंची इंग्रजी खरी फुलली ती पत्रांत. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत असताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला आणि १८८० मध्ये त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. पंधरा वर्षांची मुलगी आणि सातासमुद्रापलीकडची बाई, जिला ती पुढे मावशी म्हणू लागली. पत्रांतून आनंदीबाईंना सांगावे लागले की आम्ही काय खातो, लग्ने कशी होतात, सण कोणते, सोवळे म्हणजे काय. यातली एकेक गोष्ट मराठी घरातली, आणि तिच्यासाठी इंग्रजी वाक्य स्वतः जुळवायचे. कुठल्याही पुस्तकात ते तयार नव्हते. समोरची बाई पुन्हा प्रश्न विचारी, म्हणजे पुन्हा लिहायचे. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालात श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत उभे राहून मी अमेरिकेला का जाते हे त्यांनी इंग्रजीत सांगितले. त्या भाषणामागे तीन वर्षांची ही पत्रे आहेत. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी गेल्या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात वारे फिरले. आता 'प्रत्यक्ष पद्धत' आली. वस्तू दाखवा, कृती करा, नाव इंग्रजीत सांगा, मराठी मध्ये आणू नका. या पद्धतीचा इथे कैवार घेणाऱ्यांत पी. सी. रेन हे इलाख्याच्या शिक्षण खात्यातले अधिकारी होते, त्यांनी तिच्यावर पुस्तकही लिहिले. पुढे ते 'बो जेस्ट' या कादंबरीने जगभर गाजले. पण आपल्याकडे त्यांचे नाव कादंबरीनेही टिकले नाही आणि प्रत्यक्ष पद्धतीनेही नाही. ते टिकले 'रेन अँड मार्टिन' या जाडजूड व्याकरणाने. नियम, अपवाद, सराव, आणि रिकाम्या जागा भरा. ज्यांनी मुलांना बोलते करा म्हटले त्यांच्याच नावाचे पुस्तक घेऊन आमच्या पिढ्या मुकाट्याने रिकाम्या जागा भरत बसल्या.

प्रत्यक्ष पद्धतीत चांगले पुष्कळ होते. 'मी दार उघडतो' म्हणत दार उघडून दाखवले की क्रियापद मुलाच्या अंगात भिनते. मी ते आयुष्यभर केले. पण ती पद्धत चालायला शिक्षकाची स्वतःची इंग्रजी धबधब्यासारखी हवी, वर्ग लहान हवा. साठ मुलांच्या वर्गात, स्वतः भाषांतराने शिकलेल्या मास्तरांकडून ती कशी निभावणार? निभावली नाही. कागदावर प्रत्यक्ष पद्धत आणि वर्गात चोरून तर्खडकर, असा संसार कितीतरी वर्षे चालला. तो चोरून चालला हे वाईट झाले. चोरून होणाऱ्या गोष्टीचे शास्त्र होत नाही, ती सुधारत नाही. मराठीचा आधार केव्हा द्यायचा, किती द्यायचा आणि केव्हा काढून घ्यायचा, या प्रश्नाचा उघड विचार आपल्या प्रशिक्षण विद्यालयांनी फार कमी केला. त्यामुळे पुढे वाईट शिक्षकाच्या हाती भाषांतर म्हणजे आख्खा धडा फळ्यावर मराठीत लिहून देणे, एवढेच उरले.

माझे वडील आमच्या गावी पोस्टाची शाखा सांभाळत. शेती होतीच, त्याला जोडून हे काम. व्हर्नाक्युलर फायनल झालेला माणूस. इंग्रजी स्वतःच्या बळावर शिकलेला, तर्खडकरांचा पहिला भाग पुरा आणि दुसरा अर्धा. मनीऑर्डरीचा फॉर्म, रजिस्टराची पावती, पाकिटावरचे पत्ते एवढ्यापुरती ती पुरे. पण तार आली की घरातले वारे थांबे. देवनागरीतून तार करायची सोय स्वातंत्र्यानंतर झाली होती, तरी आमच्याकडे येणाऱ्या तारा बहुतेक इंग्रजीच. मुंबईत गिरणीत, गोदीत, लष्करात असलेल्या माणसांच्या तारा. शब्दागणिक पैसे पडत म्हणून वाक्यातले जे जे काढता येईल ते काढलेले. 'ए' नाही, 'द' नाही, कर्ता नाही, काळही अंदाजाने. 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.' कोणाचा वडील? ज्याला तार आली त्याचा, की ज्याने केली त्याचा? आजारी आहे की गेला? तारेत पुष्कळदा मरण लिहीत नसत, 'सीरियस' लिहीत, हे सगळ्या गावाला माहीत होते.

बायका दारात उभ्या राहत आणि वडील ती चार शब्दांची ओळ वाचत. आधी मनात, मग एकदा उलटीकडून, पाठवणाऱ्याचे नाव बघून, कुठून आली ते बघून, कालची गाडी किती वाजता सुटली असेल त्याचा हिशेब करून. मग सांगत. समोरची बाई त्यांच्या नात्यातली असली तर "वैनी, आधी बसा" म्हणत. माझ्या लहानपणी मी हे कितीदा पाहिले. संदर्भातून अर्थ लावणे म्हणजे काय, हे मला पुढे बी. एड. ला शिकवले गेले, व्याख्येसकट. ते मी आमच्या सोप्यात आधीच बघितले होते. वडिलांना 'इमिजिएटली'चे स्पेलिंग धड येत नसे, पण तो शब्द कोणत्या घाईने लिहिला आहे हे कळत होते. बीएसएनएलने जुलै २०१३ मध्ये तारेची सेवा बंद केली. वडील त्याच्या आधीच गेले होते.

शासनाच्या धोरणांचा इतिहास मी थोडक्यात आटोपते, कारण त्यात इयत्तांच्या आकड्यांपलीकडे फारसे काही नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीवर नेली. पुढे महाराष्ट्रात ती पाचवीवर आली. २००० सालापासून पहिलीत आली. प्रत्येक वेळी मोठा वाद झाला आणि प्रत्येक वेळी वाद एकाच गोष्टीवर: कोणत्या वर्षी सुरू करायची. कशी शिकवायची, शिकवणार कोण आणि मुलाची मराठी त्या वेळी कुठवर आलेली असते, या प्रश्नांवर वर्तमानपत्रांनी त्या मानाने काहीच छापले नाही. १९६७ साली पुण्यात बालभारती स्थापन झाली. पुस्तके रंगीत झाली, देखणी झाली, त्यांत आपली गावे आली, आपली माणसे आली. ते मोठे काम आहे आणि मी त्याची ऋणी आहे. पण 'धिस इज', 'दॅट इज'चे साचे घोटून घेण्याच्या काळात मुलांना साचा पाठ झाला आणि त्यात घालायला स्वतःचे काही मिळाले नाही. बाजारात गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच आले, दहावीचा पेपर त्यांवर निघू लागला. शहरात इंग्रजी बोलायला शिकवणारे वर्ग निघाले, घरोघरी रॅपिडेक्सची जाड प्रत आली. ती प्रत लोक अजून जपून ठेवतात, कारण तिच्यातही पान तेच आहे, 'दर्पण'चे: एका बाजूला आपले वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. दीडशे वर्षांनी पुन्हा तेच पान लोकांनी आपल्या पैशाने विकत घेतले, यावरून तरी धोरण करणाऱ्यांनी काही समजून घ्यायला हवे होते.

वर्गात मी काय केले ते सांगते. आमच्या मुली आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून एसटीने येत. पहिल्या महिन्यात मी पुस्तक उघडत नसे. घरात इंग्रजी अक्षरे असलेले जे काही असेल ते आणा, असे सांगत असे. साखर कारखान्याच्या काट्याची पावती, दूध डेअरीची चिठ्ठी, खताच्या पोत्यावरचा कागद, औषधाच्या बाटलीचे वेष्टण, बँकेत पैसे भरायची स्लिप, विजेचे बिल. विजेच्या बिलावरचा 'ड्यू डेट' मुलींना एका दिवसात कळतो, कारण त्या तारखेनंतर काय होते ते घरी अनुभवलेले असते. काट्याच्या पावतीवर 'ग्रॉस', 'टेअर', 'नेट' हे तीन शब्द असत. गाडीसकट वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि उसाचे वजन. आठवीतली मुलगी मला मराठीत समजावून सांगे की पहिल्यातून दुसरे वजा केले की तिसरे येते, आणि वडील दरवेळी तो आकडा कसा पडताळून बघतात. मग मी विचारी, हे इंग्रजीत कसे सांगशील? 'द कार्ट इज हेवी. वुइ टेक आउट द केन. नाऊ द कार्ट इज लाइट.' वाक्ये साधी, पण तिची स्वतःची. त्यांत वर्तमानकाळ आला, 'द' आला, आणि तो का आला हेही आले, कारण गाडी तीच होती, आधी बोललेली. व्याकरण त्या पावतीच्या मागून चालत येई. नियम मी मराठीतच सांगे. दिवाळीनंतर मराठी कमी करत जाई, फेब्रुवारीत अर्धा तास नुसत्या इंग्रजीत निघे. काढून घेण्यासाठी आधी आधार द्यावा लागतो.

पुस्तकी भाषांतरालाही मी सोडचिठ्ठी दिली नाही. आठवड्यातून एकदा मराठीतून इंग्रजीत पाच वाक्ये. वाक्ये मुलीच आणत. 'आजीचे गुडघे दुखतात.' 'काल लाइट नव्हती.' 'लाइट' आमच्या बोलण्यात इतकी मुरलेली की ती इंग्रजीत सांगताना उलट 'पॉवर' म्हणावे लागते, याचे मुलींना नवल वाटे आणि शब्द कायमचा लक्षात राही. कधी अशी वाक्ये येत की मी गप्प होई. एकीने लिहून आणले होते, 'माझे लग्न ठरवू नका.' ते इंग्रजीत करायला आम्हाला सगळा तास लागला, कारण कर्ता कोण हे ठरवायचे होते. मराठीत तो लपून राहतो.

निवृत्तीनंतर आता संध्याकाळी अंगणवाडीच्या काही सेविका माझ्याकडे येतात. काम मोबाईलवर आले आहे, आणि मोबाईलवरचे शब्द पुष्कळदा इंग्रजी. मुलाची उंची, वजन, लसीची तारीख, गरोदर बाईची नोंद. चुकीच्या चौकोनात आकडा गेला तर पोराचे नाव कुपोषितांत जाते किंवा जायला हवे असताना राहून जाते. या बायकांना व्याकरण नको आहे असे वरच्या लोकांना वाटते. तसे नाही. 'गिव्हन' आणि 'टू बी गिव्हन' यांत एक लस दिल्याचा आणि एक द्यायची राहिल्याचा फरक आहे, आणि तो त्यांना माझ्याहून आधी कळला. मी फक्त दोन रकान्यांची वही आखून दिली. डावीकडे मोबाईलवर दिसते ते, उजवीकडे त्या ज्या शब्दांत आयांना सांगतात ते. उजवा रकाना त्या स्वतः भरतात. वही आता जवळजवळ भरली आहे, आणि शेजारच्या बीटमधल्या सेविकांनी तिच्या झेरॉक्स मागितल्या आहेत. पुढच्या आठवड्यात भूतकाळ घ्यायचा आहे, कारण महिन्याचा अहवाल इंग्रजीत लिहून पाठवायचे त्यांच्या मनात आहे.